वेशीवरचे दान

शुद्धी आणि वृद्धी असे दोन्ही अर्थ ज्यात सामावले आहेत, आणि श्रद्धावान मुसलमानाने आपल्या संचिताचा चाळिसावा हिस्सा गोरगरिबांसाठी काढून द्यावा हे कर्तव्य ज्याने सांगितले जाते, तो अरबीतला 'जकात' हा शब्द फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठी मुलुखात उतरला तेव्हा त्यातले पुण्य गळून केवळ वसुली उरली. यात नवल मानायला नको. गौळणींतला कान्हा मथुरेच्या वाटेवर गोपींना अडवून जे 'दाण' म्हणजे पथकर मागतो, तेही 'दाना'चेच बिघडलेले, किंवा हिशेबी माणसाच्या मते सुधारलेले, रूप आहे.

पेशवाईत माल जिथे भरला जाई तिथे थळभरीत, जिथे उतरून विकला जाई तिथे थळमोड, आणि शिवाय मालावर शिक्का मारण्याचा छापा, अशी जकातीची अंगे होती. वाटेवरच्या ठाण्याठाण्याशी हुज्जत घालण्याचे टळावे म्हणून व्यापारी सारा भरणा एकरकमी 'हुंडेकऱ्या'वर सोपवून मोकळा होई. परंतु हे उत्पन्न सरकारचे, शहराचे नव्हे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी नळाने पुण्यात आणले ते धन्याच्या औदार्याने; त्यासाठी पुणेकरांची स्वतंत्र तिजोरी कुठे होती?

ती निर्माण होण्याची वाट 1850 च्या 26 व्या कायद्याने मोकळी झाली. नगरवासीयांची इच्छा असेल तिथे नगरपालिका स्थापावी आणि तिने अप्रत्यक्ष करही बसवावेत, ही त्यातली मुभा मुंबई इलाख्याला विशेष मानवली. कारण घरपट्टी मागायला दारात आलेला कारकून जितका खुपतो, तितका वेशीवर गुळाच्या ढेपेमागे घेतलेला पैसा खुपत नाही. इंग्रजी अमलाने नगरपालिकेच्या या जकातीला 'ऑक्ट्रॉय' हे फ्रेंच नाव दिले, ज्याच्या मुळाशी 'बहाल करणे' हा अर्थ आहे. आणि गंमत अशी की राज्यक्रांतीने 1791 मध्ये मोडलेला हा कर पॅरिसमध्ये 1798 साली पुन्हा बसला तो 'नगराचा व परोपकाराचा' असे नाव धारण करूनच.

पुढे दीर्घकाळ गटारे, जलवाहिन्या, रस्ते यांच्या खर्चाला नाक्यावरच्या या रोकडीचा आधार राहिला. ती रोजच्या रोज जमे, महागाईबरोबर आपोआप वाढे, आणि तिच्यासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवावे लागत नसत. याची किंमत मात्र मालमोटारींच्या लांबच लांब रांगांनी, जळत्या डिझेलने आणि नाक्यावरच्या चिरीमिरीने मोजावी लागली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पुण्यात 1 एप्रिल 2013 रोजी जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. मुंबईने ती 30 जून 2017 च्या मध्यरात्रीपर्यंत, वस्तू व सेवा कर येईतो, जपली.

नाके उठले, मुंबईच्या वेशीवरचा मुलुंडचा 'चेकनाका' पत्ता सांगण्यापुरता उरला. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्य शासनाने दरमहा द्यावी असा कायदा झाला, आणि जुलै 2017 मध्ये अर्थमंत्र्यांच्या हातून सुमारे 647 कोटी रुपयांचा पहिला धनादेश मुंबई महापालिकेला मिळाला. तिच्या जमाखर्चात जकातीच्या जागी आता ही भरपाई दिसते.