मावळे हलवायचे कसे?

वसुबारसेच्या आधीच पौड-पिरंगुटच्या अंगणांत लाल माती कालवायला सुरुवात होते. दगड-विटांचा ढीग, त्यावर जुनी पोती, पोत्यांवर चिखलाचा थर आणि उतारावर पेरलेले अळीव. नमुना शोधायला मुळशीतल्या मुलांना लांब जावं लागत नाही. कोरीगड, घनगड, कैलासगड, तैलबैल्याच्या जुळ्या भिंती, सगळं तालुक्यातच आहे. सिंहासनावर महाराज बसतात, बुरुजांवर मावळे चढतात आणि गुहेत महाराजांच्या दीडपट आकाराचा वाघ विराजमान होतो. प्रमाणाचा प्रश्न कुणी काढत नाही, काढूही नये.

किल्ला होतो, फौज उभी राहते, पण लढाई होत नाही. भाऊबीज उलटेपर्यंत मावळे जागचे हलत नाहीत. एका डावात पायदळ किती वीत चालेल, चढावर किती कमी, बुरुजावरून झाडलेली गोळी लागली की नाही हे कोण ठरवणार, याचे नियम या किल्ल्याला कधी कुणी लिहिले नाहीत. हे नियम लिहिले गेले दुसरीकडे, आणि तिथे ते मुलांसाठी लिहिलेले नव्हते.

त्यांचं मूळ शोधत मागे गेलं तर वाट भारतातच पोचते. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं पटावर मांडणारं चतुरंग सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेलं, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. घरी आपण त्याला बुद्धिबळ म्हणत राहिलो. रथाऐवजी उंट आणि राजाशेजारी वजीर आला. खेळ अस्सल, पण सैनिकाच्या नजरेने त्यात दोन खोटी. पटावरची सगळी घरं सारखीच. ना ओढा, ना टेकडी, ना जंगल. आणि प्याद्याने हत्तीवर झेप घेतली की हत्ती गेलाच, शंभर टक्के. खऱ्या रणात इतकी खात्री कुणालाच नसते.

पहिली खोट काढायला हात घातला तो जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइग इथल्या योहान हेलविग यांनी. ड्यूकच्या दरबारातल्या तरुणांना शिकवणारे हे गणिती गृहस्थ कीटकांचेही अभ्यासक होते. 1780 मध्ये त्यांनी बुद्धिबळाचा पट कितीतरी मोठा केला आणि घरांना रंग दिले. एक रंग डोंगराचा, एक दलदलीचा, एक पाण्याचा. सोंगटी कुठे आहे यावर ती काय करू शकेल हे ठरू लागलं. मावळातला गडी हसला असता. त्याला हे सांगायला रंगीत चौकोन लागले नसते.

दुसरी खोट निघायला आणखी चव्वेचाळीस वर्षं लागली. प्रशियातले बॅरन फॉन रायस्विट्झ यांनी 1812 मध्ये राजासाठी एक टेबलच घडवलं. त्याच्या खणांत प्लास्टरचे तुकडे असत. ते जुळवून हवा तो भूभाग मांडायचा. दिवाळीच्या किल्ल्याचं हे बहुधा सर्वांत महागडं भावंड. मात्र खेळाला खरा आकार दिला त्यांच्या मुलाने. तोफखान्यात अधिकारी असलेल्या धाकट्या रायस्विट्झने 1824 मध्ये चौकोन काढूनच टाकले आणि 1:8000 प्रमाणाचा लष्करी नकाशा पसरला. एक डाव म्हणजे रणातली दोन मिनिटं. दोन मिनिटांत पायदळ जितकं चालेल तितकाच ठोकळा पुढे सरकेल. गोळीबारात किती पडले हे फासे सांगतील. आणि दोन्ही बाजूंच्या मधे एक पंच बसेल. सेनापतीने हुकूम लिहून पंचाकडे द्यायचा. शत्रूची जी तुकडी खरोखर नजरेच्या टप्प्यात आली असेल तेवढीच पंच नकाशावर ठेवणार. बाकी सगळा अंधार.

प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग आधी नाखुशीनेच बघायला बसले, असं सांगतात. खेळ रंगला तसे तेही रंगले आणि हे युद्धाचं शिक्षणच आहे असं म्हणून त्यांनी सैन्यात त्याची शिफारस केली. रायस्विट्झला मात्र त्याचं सुख लाभलं नाही. 1827 मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढे नियमांचं पुस्तक इतकं फुगलं की खेळणारे वैतागले. 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने उलटा मार्ग सुचवला: कोष्टकं आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. नियम की पंच, हा वाद तेव्हापासून या खेळाच्या घरात सुरू आहे आणि अजून मिटलेला नाही.

खेळ बराकीतून दिवाणखान्यात आला तो शिशाच्या शिपायांमुळे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने 1893 मध्ये आतून पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. हलके आणि स्वस्त असल्याने घरोघर पलटणी उभ्या राहिल्या. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फासे नाहीत. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची, जो पडला तो मेला. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. हौस म्हणून हा खेळ पुन्हा बाळसं धरू लागला तो 1950 नंतर, आणि 1962 मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ने त्याला पुस्तकी पाया मिळाला.

आता सतराव्या शतकाकडे. इंग्लंडमध्ये राजा चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात 1642 ते 1651 अशी यादवी चालली. एजहिल, मार्स्टन मूर, नेसबी ही तिची गाजलेली रणं. या काळाचे खेळाडू तिकडे पुष्कळ, आणि नियमांची पुस्तकं त्याहून जास्त वाटावीत इतकी. कारण त्या काळचं सैन्य नियम लिहिणाऱ्याची परीक्षा पाहतं. एकाच पलटणीत साधारण दोन तृतीयांश लोक तोड्याच्या बंदुका घेतलेले आणि उरलेले पंधरा-सोळा फुटी भाले धरलेले. बंदूक भरायला वेळ लागतो, तोवर घोडदळापासून भालेवाल्यांनी राखायचं. मग टेबलावर हे दोघे एक तुकडी मानायचे की दोन? त्यात राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट. एजहिलला त्याचं घोडदळ समोरची फळी फोडून असं उधळलं की शत्रूच्या बाजारबुणग्यांपर्यंत गेलं, आणि मागे राजाचं पायदळ उघडं पडलं. 1645 मध्ये नेसबीला तेच. जिंकलेलं घोडदळ परत येईल का, याला नियम नसेल तर तो खेळ नेसबीचा होऊच शकत नाही.

प्रत्येक पुस्तक याला वेगळं उत्तर देतं. 2012 च्या ‘पाइक अँड शॉट’मध्ये खेळाडू हुकूम तोंडाने मोठ्याने सांगतो आणि दोन फासे टाकतो, आकडा जितका लहान, तितकी तुकडी लांब जाते, मोठा पडला तर ढिम्म. मोठ्या टेबलावर, मोठ्या फौजांसाठी, हसतखेळत खेळायला हे बरं. 2018 च्या ‘फॉर किंग अँड पार्लमेंट’ने पुन्हा चौकोन आणले, म्हणजे हेलविगकडे परतणंच झालं. एकाच तुकडीला पुन्हा हलवायचं तर पत्त्याचं पान उघडायचं; आधीच्या पानाहून लहान निघालं की तिचा डाव संपला. मोजपट्टी लागत नाही, भांडणं कमी. 2017 च्या ‘पाइकमन्स लॅमेंट’ला मोठी लढाई नकोच. सहा किंवा बारा शिपायांच्या तुकड्या, एखादं नाकं, रसदीची एखादी गाडी आणि त्यांचा अधिकारी, ज्याला प्रत्येक चकमकीनंतर मान किंवा बदनामी पदरात पडते.

ही पुस्तकं मुळशीत आणली तर? काळ तोच आहे. नेसबीनंतर सात महिन्यांनी, जानेवारी 1646 मध्ये, रांझ्याच्या पाटलाला शिक्षा फर्मावणारं शिवाजीराजांचं पत्र निघालं. यादवीचा रंगही ओळखीचा. अफजलखानाच्या स्वारीत कान्होजी जेधे राजांकडे राहिले आणि त्याच मुलखातले खंडोजी खोपडे खानाकडे गेले. खानाच्या फौजेत खुद्द भोसले कुळातले मंबाजी होते. जुळत नाही ती जमीन. सपाट माळावर दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून मांडलेले नियम सवाष्णी घाटात किंवा वाघजाईच्या उतरणीवर काय कामाचे? तिथे फळी धरायला जागाच नाही. लांब भाल्यांची भिंत वळणावरच अडकेल.

नमुना म्हणून मुळशीच्या वेशीलगतचीच लढाई घ्यावी. शाइस्ताखान 1660 मध्ये पुण्यात येऊन बसला आणि पुढच्या वर्षी त्याने उझबेक सरदार कारतलबखानाला कोकणात धाडलं. फौज लोणावळ्याकडून आली आणि कुरवंड्याच्या वाटेने उंबरखिंडीत उतरली. तो भाग आज खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी आहे. 2 फेब्रुवारी 1661 ला राजांनी आणि नेताजी पालकरांनी पुढची आणि मागची दोन्ही तोंडं बंद केली. वर झाडीत मावळे, खाली एकामागे एक ओळीने चाललेली फौज, आणि प्यायला पाणी नाही. खानाच्या बाजूलाही मराठे सरदार होतेच. शिवाय माहूरच्या सावित्रीबाई, म्हणजे रायबाघन.

इथे कुठला नियम चालेल? पलटणींची टक्कर मोजणारं पुस्तक घेतलं तर मोगलांच्या संख्येने मावळे चिरडले जातील, आणि तो निकाल इतिहासाशी बेइमानी करेल. ‘पाइकमन्स लॅमेंट’च्या छोट्या तुकड्या झाडीत आणि चढावर बऱ्या हलतात, हेटकऱ्यांच्या बंदुका आणि ढाल-तलवारीचे मावळे त्यात थोड्या फेरफाराने बसतील. पण उंबरखिंडीचा खरा जीव दोन गोष्टींत आहे: खानाला काही दिसत नव्हतं आणि त्याचा वेळ तहानेने संपत होता. पहिलीला उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे, धाकट्या रायस्विट्झचा पंच. खानाच्या खेळाडूला दुसऱ्या खोलीत बसवावं, हुकूम चिठ्ठीवर घ्यावेत आणि रानातून गोळी सुटेपर्यंत एकही मावळा टेबलावर ठेवू नये. दुसरीसाठी फार कारागिरी नको. ठरावीक डाव पाण्याशिवाय गेले की तुकडीची हिंमत एका पायरीने उतरावी, मार बसो वा न बसो.

आणि एक कलम नव्याने लिहावं लागेल. बहुतेक पुस्तकांत तुकडी एक तर टिकते, नाही तर उधळते. उंबरखिंडीत उधळायला वाटच नव्हती. परमानंदाच्या ‘शिवभारता’त रायबाघन खानाला फटकारते आणि राजांना शरण जायला सांगते, खान ऐकतो, जवळचं सगळं सोडून देतो आणि उरलेल्या फौजेसह त्याला परत जाऊ दिलं जातं. तेव्हा मोगल खेळाडूला दर डावाला तह मागण्याचा हक्क हवा. रायबाघन टेबलावर जिवंत असेपर्यंत तो फासा सोपा, ती नसेल तर अवघड. मावळ्यांच्या बाजूचे गुण मारलेल्या शिपायांवर न मोजता खिंडीत राहिलेल्या घोड्यांवर, शस्त्रांवर आणि खजिन्यावर मोजावेत, कारण राजांना हवं होतं ते तेच.