चिनी-जपानी अक्षरांचे गोंदण : आधी भाषा, मग अक्षर

गोंदण आपल्याला नवे नाही. आजीच्या कपाळावरील हिरवे ठिपके किंवा हातावरील तुळशीवृंदावन अनेकांनी पाहिलेले असते. आज कळंगूट-बागा-हणजूणच्या किनाऱ्यावर टॅटू काढून घेणाऱ्या तरुणांपैकी काहींना चिनी वा जपानी अक्षरांची भुरळ पडते. मात्र तुळशीवृंदावन चुकले तर ते घरच्या कुणालाही कळते. चिनी अक्षर चुकले, तर ते काढणाऱ्यालाही कळत नाही आणि मिरवणाऱ्यालाही नाही. म्हणूनच ही अक्षरे अंगावर घेण्यापूर्वी त्यांची प्रकृती समजून घ्यावी.

एक लिपी, अनेक भाषा

चिनी लिपीला वर्णमाला नाही. एका अक्षराला साधारणतः एक उच्चार व एक अर्थ असतो. हीच अक्षरे जपानने 'कांजी' म्हणून स्वीकारली आणि त्यांच्या जोडीला हिरागाना व काताकाना या उच्चारदर्शक लिप्या घडवल्या. कोरियाची हंगुल लिपी मात्र वेगळी व उच्चारानुसारी आहे. राजा सेजोंग याने ती १४४६ मध्ये जाहीर केली.

चीनमध्ये १९५६ पासून अक्षरांची सुलभ रूपे रूढ झाली. तैवान व हाँगकाँगमध्ये पारंपरिक रूपे टिकून आहेत. 'ड्रॅगन' या अर्थाच्या अक्षराला पारंपरिक रूपात १६ रेघा, सुलभ रूपात ५, तर आजच्या नेहमीच्या जपानी रूपात १० रेघा लागतात. 'प्रेम' या अर्थाच्या पारंपरिक अक्षरात 'हृदय' हे चिन्ह सामावलेले आहे. चीनमधील सुलभ रूपात ते उरलेले नाही.

भाषा बदलली की अर्थही पालटतो. 'हात' आणि 'कागद' या अर्थांची दोन अक्षरे जोडली की जपानीत 'पत्र' होते, चिनीत 'शौचालयातील कागद'. जपानीत 'मुलगी' दर्शवणारे अक्षर चिनीत 'आई'साठी येते.

आपल्या देवनागरीचेही असेच आहे. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने पत्नीचे नाव देवनागरीत गोंदवून घेतले, तेव्हा त्यात 'ह' जास्तीचा असल्याची टीका झाली. हिंदीच्या दृष्टीने ती ठीक असेल. पण 'व्हिक्टोरिया' असेच आपण मराठीत लिहितो. लिपी तीच, शुद्ध-अशुद्ध ठरवते ती भाषा.

चुका कशा होतात

पहिली चूक तक्त्याची. ए ते झेड या प्रत्येक रोमन अक्षरापुढे एकेक चिनी अक्षर मांडलेले तक्ते फिरत असतात. ते निव्वळ बनावट असून त्यांवरून लिहिलेले नाव कोणत्याही चिनी माणसाला वाचता येणार नाही. चिनीत परकी नावे उच्चाराला जवळच्या अक्षरांनी लिहितात आणि त्या अक्षरांना स्वतःचे अर्थही असतात. 'गांधी' हे नाव ज्या दोन अक्षरांत लिहितात, त्यांचे अर्थ 'गोड' आणि 'भूमी' असे आहेत. जपानीत भारतीय नाव काताकानात लिहिणे सरळ ठरते.

दुसरी चूक शब्दशः भाषांतराची. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाला चिनीत दोन वेगळे शब्द आहेत : एक 'स्वतंत्र' या अर्थाचा, दुसरा 'फुकट' या अर्थाचा. चुकीचा निवडल्यास स्वातंत्र्याऐवजी दुकानातील पाटी अंगावर येते.

तिसरी चूक गाळण्याची. गायिका आरियाना ग्रांदे हिने २०१९ मध्ये 'सेव्हन रिंग्ज' या आपल्या गाण्याचे नाव तळहातावर जपानीत गोंदवले. वेदनेमुळे मधली अक्षरे गाळली गेली आणि उरलेल्या दोन अक्षरांचा शब्द झाला 'शिचिरिन', म्हणजे कोळशाची लहान शेगडी.

चौथी चूक रेघेची. 'मोठा' या अर्थाच्या अक्षराला वर उजवीकडे एक ठिपका दिला की 'कुत्रा' होतो. तोच ठिपका खाली दिला की 'अतिशय'.

त्या देशांतील दृष्टी

प्राचीन चीनमध्ये गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर गोंदणे ही शिक्षा होती. दुसरीकडे, बाराव्या शतकातील सेनापती य्वे फेई याच्या पाठीवरील देशनिष्ठेची चार अक्षरे आजही आदराने सांगितली जातात. जपानमध्ये १८७२ ते १९४८ या काळात गोंदणावर बंदी होती. गुन्हेगारी टोळ्यांशी जोडल्या गेलेल्या प्रतिमेमुळे आजही अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्यांना प्रवेश मिळत नाही.

गोंदवण्यापूर्वी

• भाषा कोणती आणि रूप कोणते, हे आधी ठरवावे.
• शब्द निवडल्यावर ती भाषा वाचणाऱ्या किमान दोघांना, अपेक्षित अर्थ न सांगता, 'हे काय लिहिले आहे?' असे विचारावे. यांत्रिक भाषांतरावर विसंबू नये.
• अनेक रेघांचे अक्षर लहान काढू नये. कालांतराने शाई पसरते आणि रेघा एकमेकींत मिसळतात.
• त्वचेवर छाप उमटल्यावर, सुई लावण्यापूर्वी, त्याचे छायाचित्र जाणकाराला दाखवावे. अक्षर उलटे किंवा आरशातल्यासारखे उमटले असेल तर ते याच टप्प्यावर पुसता येते.

त्यानंतरची दुरुस्ती लेसरने होते. त्यासाठी अनेक बैठका लागतात, ती वेदनादायक व खर्चिक असते आणि काही वेळा खूण उरतेच. त्यामानाने एखाद्या जाणकाराला विचारण्यात गेलेले चार दिवस काहीच नव्हेत.