निळ्या पेटीचें अंतरंग

इ. स. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीनें 'डब्ल्यूआरटी५४जी' नांवाची निळी-काळी पेटी बाजारांत आणली. घरांतील संगणक इंटरनेटशीं जोडावे आणि फायरवॉल होऊन बाहेरचा उपद्रव अडवावा, एवढेंच तिचें काम. २००३ सालीं जिज्ञासूंस आढळलें कीं, तिच्या फर्मवेअरमध्यें, म्हणजे पेटींत कायम वसणाऱ्या आज्ञावलींत, लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना उदार. परंतु जो तें वांटील त्यानें मूळ संहिताही द्यावी, ही त्याची अट. कंपनीस संहिता खुली करावी लागली. तींतूनच २००४ मध्यें 'ओपनडब्ल्यूआरटी' जन्मास आलें. २००५ सालच्या पांचव्या आवृत्तींत कंपनीनें लिनक्स काढून स्मृति निम्म्यावर आणली. तथापि त्याच वर्षीं लिनक्सधारी 'जीएल' पेटीही विकावयास काढली. विकत घेतलेल्या वस्तूच्या अंतरंगावर सत्ता कोणाची, हा प्रश्न मात्र पेटीबरोबर घरांत शिरला होता.