नामांतराची किंमत कोणी मोजली? हिंगोलीच्या तरुणांनी आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे

दरवर्षी १४ जानेवारीला हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथून आपली पोरे गाड्या करून औरंगाबादला जातात. विद्यापीठाच्या गेटला वंदन करतात, फोटो काढतात, रात्री परत येतात. चांगली गोष्ट आहे. पण एक प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे का? आपल्या डिग्रीवर त्या विद्यापीठाचे नाव आहे का?

नाही. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याला जोडले गेले. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोही नांदेडकडेच राहिला. म्हणजे सोळा वर्षे ज्या नावासाठी इथल्या माणसांनी सोसले, ते नाव त्यांच्या नातवंडांच्या डिग्रीवर आलेच नाही. इथे त्या लढ्याचा पुरावा कागदावर नाही. तो वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. आणि आपण त्यांच्याशी बोलायचे सोडून दिले आहे.

आज वस्तीत दोन तक्रारी ऐकू येतात. तरुण म्हणतात, जुन्यांनी गट-तट केले, पक्ष फोडले, आमच्यासाठी काय ठेवले? म्हातारे म्हणतात, नव्या पोरांना जयंतीचा डीजे आणि मोबाईल सोडून काही सुचत नाही. दोन्ही तक्रारींत थोडे थोडे खरे आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण आपल्या चळवळीचा इतिहास या भांडणाचा नाही. जेव्हा जेव्हा आपण जिंकलो, तेव्हा दोन पिढ्या एकाच बाजूला उभ्या होत्या.

महाडच घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात झाला. तो महाडला अंमलात आणायचा ध्यास घेतला रामचंद्र बाबाजी मोरे यांनी. त्यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे तेव्हा ऐन विशीतले. पण एकट्या तरुणाच्या शब्दावर खेडीपाडी उठत नसतात. संभाजी तुकाराम गायकवाड यांच्यासारखे वडीलधारे पाठीशी राहिले, कोकणातले लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर उभे राहिले, तेव्हा मार्च १९२७ ची परिषद झाली. पोराने ठिणगी टाकली, म्हाताऱ्यांनी आपली पत पणाला लावली.

मराठवाड्यात निजामाचे राज्य होते. इथल्या आपल्या माणसाच्या वाट्याला वेठ आणि येसकरकी. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्या आईबापांनी शाळेची पायरी चढली नव्हती, त्यांनी पोरे नागसेनवनात पाठवली. घरातला कमावता हात कमी करून पाठवली. त्या शिकलेल्या पोरांतूनच पुढे नामांतराची मागणी पेटली.

आणि इथेच आपल्याला नीट थांबून विचार करावा लागतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मागणी करणारे विद्यार्थी शहरात होते. आग लागली ती खेड्यातल्या वस्त्यांना. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत शेकडो गावांना झळ लागली. घरे जाळली, मजुरी बंद केली, पाणी तोडले. ज्यांना विद्यापीठाचे तोंडही बघायचे नव्हते, त्यांना त्याच्या नावासाठी गाव सोडून पळावे लागले.

काही लोक म्हणतात, ही अडाणी माणसे फुकट भरडली गेली, त्यांना नामांतर म्हणजे काय ते तरी कळत होते का? आम्ही हे मान्य करत नाही. बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मातंग समाजाचे होते, शहरातले विद्यार्थी नव्हते. ऑगस्ट १९७८ मध्ये त्यांना हालहाल करून मारले. जयभीम सोडला नाही म्हणून मारले, असे मराठवाड्यात आजही सांगतात. त्यांना नामांतर कळत नव्हते असे कोण म्हणेल? मार खाऊनही त्या पिढीने शिकणाऱ्या पोरांना घरी बोलावून घेतले नाही. मागणी मागे घ्या, असे वस्त्या म्हणाल्या असत्या तर लढा तिथेच संपला असता. वस्त्या म्हणाल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. आणि १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे या तरुणाने स्वतःला जाळून घेतले. म्हाताऱ्यांनी पोरांसाठी सोसले, पोराने सगळ्यांसाठी जीव दिला. हिशोब एकतर्फी नाही.

मग आज काय? आज प्रश्न गायरानाचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. त्याच जिद्दीने आपल्या आजोबांनी पडीक गायराने कसली. १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कब्जा असेल तर जमीन नावावर करता येईल, असे शासनाने १९९१ मध्ये ठरवले. कित्येकांचे दावे तरीही पडून राहिले. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे काढायला सांगितले आणि वस्त्यांवर नोटिसा आल्या.

१९९० पूर्वीचा कब्जा कोण सिद्ध करणार? तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, दंडाच्या पावत्या आणि पंचनामे. पावती आजीच्या पेटीत आहे, पण ती कशाची हे आजीला वाचता येत नाही. नातवाला वाचता येते, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो, पण कोणत्या साली कोणत्या तलाठ्याने दंड केला हे त्याला ठाऊक नाही. दोघे एका खाटेवर बसले तरच केस उभी राहते. १९७८ मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. तो गेला की साक्षीदार गेला.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे: येत्या १४ जानेवारीला गेटवर जरूर जा, पण त्याआधी वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे जा. मोबाईल आहेच, त्यात १९७८ ची हकीकत त्यांच्याच आवाजात भरून घ्या. बायांना आधी विचारा, कारण वस्ती जळाल्यावर पुन्हा चूल मांडणाऱ्या त्याच होत्या. पेटीतले कागद बघा, त्यांच्या प्रती काढा.

आणि वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे सांगणे आहे: विहाराच्या, जयंतीच्या कमिटीत वीस-बावीस वर्षांच्या पोरी-पोरांना जागा द्या. हिशोबाची वही त्यांच्या हातात द्या. चुकतील तर सांभाळून घ्या. महाडला विशीतल्या मोऱ्यांना वडीलधाऱ्यांनी गप्प बसवले असते तर?

आपल्या जिल्ह्याच्या डिग्रीवर ते नाव नाही. पण ते नाव ज्यांच्या जिवावर आले, ती माणसे अजून आपल्या ओसरीवर बसली आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसा.

जयभीम!