आकडा, भाव आणि मत

अमेरिकेत मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांतील फुटबॉलची चुरस शतकाहून जुनी आहे. अलीकडे अशा सामन्यांच्या निकालावर ‘काल्शी’सारख्या भाकितांच्या बाजारांत करार विकले जातात. हा जुगार नव्हे, येथील किंमत म्हणजे अनेकांच्या जाणतेपणाचे सार, असे त्यांचे समर्थक सांगतात. मुंबईला हा युक्तिवाद नवा नाही.

मुंबई इलाख्यात 1865च्या कायद्याने पैजेच्या करारांना न्यायालयाचे दार बंद केले. त्यामुळे वायद्याच्या खटल्यांत प्रश्न उरे तो एवढाच: माल देण्याघेण्याचा हेतू होता, की केवळ भावातील फरकाचा? कापसाच्या या शहरात ती रेषा पुसटच होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद भाव तारेने येत आणि कापसाशी काडीचा संबंध नसलेली माणसे त्यांतील अंकांवर पैसे लावीत. हाच ‘आकडा’.

1961च्या सुमारास ते भाव येणे थांबले. आकडा थांबला नाही. 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत, आणि मागोमाग रतन खत्री यांनी, चिठ्ठ्यांतून अंक काढण्याची रीत रुजवली. मडक्यातल्या त्या चिठ्ठ्यांवरून ‘मटका’ हे नाव पडले. एकेरी अंक लागण्याची शक्यता दहात एक, मिळत रुपयाला नऊ; उरलेला वाटा चालवणाऱ्याचा. कापूस गेला तरी खेळणाऱ्यांचे काही अडले नाही. म्हणजे बाजाराचे ज्ञान तेथे कधी पणाला लागलेच नव्हते.

क्रिकेटचा सामना अर्थातच मडके नव्हे. तेथे जाणकाराचा अंदाज अधिक खरा ठरू शकतो. बुकी एखाद्या संघाचा भाव 40 पैसे सांगतो, तेव्हा रुपया लावणाऱ्यास जिंकल्यावर 40 पैसे नफा मिळतो. त्या भावात विजयाची शक्यता शंभरात सुमारे 71 धरलेली असते. ‘प्रोबो’सारख्या मत-व्यवहाराच्या अ‍ॅपवर 10 रुपयांच्या करारातील ‘हो’ची 7 रुपयांच्या आसपासची किंमत हेच सांगे. भाषा तेवढी शेअरबाजाराची.

उपनगर जिल्ह्यातील वांद्रे-कुर्ला संकुलातून कारभार चालवणाऱ्या ‘सेबी’ने 29 एप्रिल 2025 रोजी या भाषेविषयी सावध केले: असे व्यवहार आपल्या नियमनाखाली येत नाहीत, गुंतवणूकदारास मिळणारे संरक्षण तेथे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पैसे लावून खेळवण्यास मनाई केली.

जाणतेपणा आणि नशीब यांतील जो भेद न्यायालये दीर्घकाळ जपत आली, तो कायद्याने एका फटक्यात बाजूला सारला, ही तक्रार रास्त आहे. पण मटक्याचा इतिहास त्या भेदाला एक कसोटी देतो. उद्या सामनाच काढून घेतला आणि त्याजागी चिठ्ठ्या ठेवल्या, तर किती जण उठून जातील? जे जातील, त्यांच्यापुरताच तो मतांचा बाजार.