कर्ण्यापासूनचे अंतर : आवाजाच्या पातळीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ घरी गाणे मुद्रित करणाऱ्या बहुतेकांना एक सल्ला हमखास मिळालेला असतो : पातळी शक्य तितकी वर ठेवा, फक्त लाल दिवा लागू देऊ नका. सल्ला प्रामाणिक आहे, पण तो आजच्या यंत्रांसाठी जन्मलेला नाही. तो लाखेच्या तबकड्यांच्या आणि चुंबकीय फितीच्या काळातून चालत आला आहे. तो का जन्मला आणि त्याचे कारण केव्हा संपले, याचा हा धागा.

२/ प्रथम मूळ प्रश्न. ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक माध्यमाला एक तळ असतो आणि एक छत असते. तळाशी माध्यमाची स्वतःची खरखर असते. आवाज फार हळू आला की तो तिच्यात बुडतो. छताला आवाज आदळला की तो फाटतो. पातळी लावणे म्हणजे गाणाऱ्याचा सर्वांत हळुवार आणि सर्वांत जोरकस स्वर या दोहोंच्या मध्ये बसवणे. माध्यमे बदलत गेली, तसे तळ आणि छत यांतील अंतर बदलत गेले.

३/ नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करत होते. विजेचा माइक नव्हता, अॅम्प्लिफायर नव्हता. गायिकेपुढे एक कर्णा, कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. सुई हलवण्याची सारी ताकद गळ्यातूनच यायची. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण कुठेच नव्हते.

४/ मग पातळी लावायची कशी? अंतराने. हळू गाताना कर्ण्याजवळ, तार सप्तकात जाताना मागे. साथीची वाद्येही त्याच हिशेबाने पुढे-मागे बसवली जात. आवाज अति झाला तर सुई बेफाम हले, चर शेजारच्या चरात घुसे आणि ती तबकडी वाया जाई. आवाज कमी पडला तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला लाखेची खरखर तेवढी येई.

५/ चूक कळण्याची सोयही तुटपुंजी होती. मेणाची तबकडी वाजवून पाहिली की तिच्यावरचा नाजूक चर खराब होई. म्हणून चाचणीची तबकडी वेगळी आणि अंतिम वेगळी. अंतिम मेण समुद्रमार्गे जर्मनीतील हॅनोव्हरला जाई आणि तिथे छापलेल्या तबकड्या काही महिन्यांनी भारतात परत येत. अशा व्यवहारात पातळीचा अंदाज आधीच बरोबर यावा लागे.

६/ याच गायसबर्गची दुसरी हकिकत अधिक बोलकी आहे. डिसेंबर १९०५ मध्ये त्यांनी वेल्समधील निवासस्थानी जाऊन अॅडेलिना पॅटी या विख्यात ऑपेरा गायिकेचा आवाज मुद्रित केला. त्या ६२ वर्षांच्या होत्या आणि एका जागी निश्चल उभे राहून गाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. उंच स्वर आला की गायसबर्ग त्यांना हाताने मागे ओढत. त्या संतापल्या, पुढे स्वतःची तबकडी ऐकल्यावर मात्र प्रसन्न झाल्या, असे गायसबर्ग यांनी आठवणींत नोंदवले आहे. आज गेनचे बटण जे काम करते, ते तेव्हा मुद्रकाचा हात करत होता.

७/ १९२५ मध्ये अमेरिकेतील व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत ध्वनिमुद्रण पद्धत स्वीकारली. माइक आला, अॅम्प्लिफायर आला, आणि गळ्याची ताकद व सुईची हालचाल यांचा थेट संबंध तुटला. मंद आवाजही आता वाढवून तबकडीवर कोरता येऊ लागला. बिंग क्रॉस्बींसारख्या हळुवार गाणाऱ्यांची लोकप्रियता या बदलाशिवाय कल्पिता येत नाही.

८/ आपल्याकडे हा बदल ऐकायचा असेल तर अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या शेजारी ठेवाव्यात. मिरजेशी जन्माचे नाते जुळलेल्या या गवयाचे काही मुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्यासमोर झाले, तर काही १९३० च्या दशकात माइकसमोर. त्यांची ख्याती नाजूक, तरल स्वरलगावाची. ती ख्याती का होती, हे उमगते ते दुसऱ्या संचातून. माणूस तोच होता. हळुवार स्वराला तळाच्या वर उचलून धरणारे साधन नंतर आले.

९/ पण वाढवण्याची शक्ती आली, तसा मापनाचा प्रश्नही आला : किती वाढवायचे? १९३९ मध्ये बेल लॅबोरेटरीज, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून व्हीयू मीटर निश्चित केला. त्याची सुई मुद्दामच संथ आहे. स्थिर आवाजापर्यंत पोचायला तिला सुमारे ०.३ सेकंद लागतात. कानाला जाणवणारा सरासरी जोर ती बऱ्यापैकी दाखवते. ‘प’, ‘ट’, ‘भ’ यांसारख्या व्यंजनांचा क्षणिक तडाखा तिला दिसतच नाही. म्हणून जाणते मुद्रक शून्याच्या वर बरीच मोकळी जागा गृहीत धरून चालत. तिलाच हेडरूम म्हणतात.

१०/ दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र पसरली. फितीचा स्वभाव दुहेरी : तळाशी सतत सरसर, पण छत मऊ. आवाज थोडा अति झाला तर फीत तो एकदम कापत नाही, हळूहळू दाबते. कित्येकांना तो दाबलेला आवाज आवडतोही. साहजिकच शहाणपण ठरले : सरसरीपासून दूर राहा, पातळी वर ठेवा, काटा थोडा लाल भागात गेला तरी चालेल. आरंभीचा सल्ला तो हाच.

११/ फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे ध्वनिमुद्रण घरात शिरले. घरगुती टेपरेकॉर्डरपैकी अनेकांत पातळी आपोआप ठरे. घरातल्या जुन्या कॅसेटी ऐकून पाहा : आजी ओवी म्हणताना थांबली की पंख्याची घरघर फुगत वर येते, आणि पुढची ओळ सुरू होताच दबते. यंत्राला शांतता म्हणजे ‘आवाज कमी पडला’ असे वाटे आणि ते गेन वाढवी. अनेक मोबाइल फोन आजही हेच करतात. ती स्वयंचलित सोय बंद करता येत असेल तर गाण्यासाठी अवश्य करावी.

१२/ डिजिटल मुद्रणाने छताचा स्वभाव पालटला. इथे कमाल पातळी शून्य. बाकी सारे त्याच्या खाली, म्हणजे उणे डेसिबलमध्ये. शून्याच्या वर लिहायला आकडाच नाही. लाटेचा माथा सपाट कापला जातो. त्यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेला भाग कुठे लपलेला नसतो, तो नोंदलाच गेलेला नसतो. सॉफ्टवेअर तिथे फार तर अंदाजाने भर घालते. नंतर फेडर खाली ओढला तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

१३/ १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीची रचना १६ बिटांची. तळ आणि छत यांत सुमारे ९६ डेसिबल. तेवढ्यातही काटकसर करावीशी वाटणे समजण्यासारखे होते. २४ बिटांत हेच अंतर गणिताने सुमारे १४४ डेसिबल होते. घरगुती इंटरफेसचे विद्युतमंडल त्याहून कमी पल्ल्याचे असले, तरी तुमच्या खोलीपेक्षा ते बरेच शांत असते. म्हणजे आता तळ यंत्राचा राहिला नाही. तळ तुमच्या खोलीचा आहे : पंखा, रस्ता, फ्रीज, भिंतींवरून परतणारा आवाज.

१४/ जुना सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. गेन वाढवला की गळा आणि पंखा दोन्ही सारखेच वाढतात; त्यांच्यातील प्रमाण तसूभरही सुधारत नाही. ते सुधारते दोनच गोष्टींनी : खोली शांत करून, किंवा माइकजवळ येऊन. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की माइकवरचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. कर्ण्यासमोरचे अंतर पुन्हा केंद्रस्थानी आले ते असे.

१५/ म्हणून आजची रीत. इंटरफेसवर २४ बिट निवडावे. पंखा बंद करावा. माइक तोंडापासून सुमारे एक वीत दूर, मध्ये पॉप फिल्टर. मग मुखडा गुणगुणून नव्हे, तर बंदिशीतला सर्वांत जोरकस भाग पूर्ण ताकदीने गाऊन गेन लावावा. सर्वोच्च ठोके उणे १२ ते उणे १० च्या आसपास राहावेत. प्रत्यक्ष गाताना आवाज चाचणीपेक्षा वर चढतो. तो चढ वरच्या मोकळ्या जागेत सामावतो. मग गेनला हात लावू नये. तार षड्जाला किंचित मागे सरावे. आता गायसबर्ग नाहीत, ते आपणच करायचे.

१६/ ‘पण आवाज फार लहान ऐकू येतो!’ मग हेडफोनचा आवाज वाढवावा, गेन नव्हे. गाणे मोठे करणे हे मुद्रणानंतरचे काम आहे आणि ते केव्हाही करता येते. व्यावसायिक प्रसारणातही हीच शिस्त आहे : युरोपीय संदर्भपातळी उणे १८, अमेरिकी उणे २०. इतकी जागा वर मोकळी सोडणे हा त्यांच्याकडे भित्रेपणा मानला जात नाही.

१७/ तांत्रिक सवयी त्यांच्या कारणांपेक्षा दीर्घायुषी असतात. लाखेची खरखर गेली, फितीची सरसर गेली, तरी तिची भीती आपल्या बोटांत उरली. आणि त्या भीतीपोटी आपण अशा छताकडे सरकत राहतो जे पूर्वीसारखे मऊ नाही. हळू मुद्रित झालेला आवाज उद्या वाढवता येईल. फाटलेला आवाज पुन्हा गाऊनच मिळतो, आणि प्रत्येक गळा पुन्हा गाऊ शकेलच असे नाही. घरातल्या वृद्ध माणसाला माइकसमोर बसवणार असाल, तर एवढे एक ध्यानात असू द्या.