रिपोर्टवरचं ऑस्ट्रेलिया

हिमायतनगरला जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. सरकारी कागदावर एक नाव, तोंडात दुसरं. रक्ततपासणीच्या कागदावरही असंच एक जुनं नाव टिकून आहे. गरोदर बाईचा रिपोर्ट उलगडला की हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही यांच्या सोबतीला एक ओळ असते: एचबीएसएजी. पुष्कळ खासगी लॅबच्या छापील नमुन्यात तिच्याशेजारी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असंही लिहिलेलं असतं. नांदेड जिल्ह्यातल्या बाईच्या रक्तात ऑस्ट्रेलिया शोधायचं काय कारण?

ही तपासणी काविळीची, हिपॅटायटिस बीची. आधी कावीळ डोळ्यांत बघत. पापणी खाली ओढायची, पांढऱ्यावर पिवळी झाक आहे का पाहायचं, लघवीचा रंग विचारायचा. चरकसंहितेतली ‘कामला’ झिजत झिजत आपली कावीळ झाली. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी पाडणं, गळ्यात माळ घालणं, नाकात रस सोडणं, हे सगळे उपाय त्या पिवळेपणाच्याच मागे लागलेले. पण हिपॅटायटिस बी पुष्कळदा पिवळेपणा दाखवतच नाही. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेलं बाळ तर बहुधा चांगलं हसतं-खेळतं असतं. अशा दहांतल्या नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम करतो आणि त्यांतल्या काहींना ऐन चाळिशी-पन्नाशीत पोटात पाणी होऊन यकृत गेल्याचं कळतं. लोक या आजाराला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे. अडचण एवढीच, की पांढरी कावीळ डोळ्यांत बघून सापडत नाही.

डॉक्टरांनाही ती फार उशिरा सापडली. १८८३ साली जर्मनीतल्या ब्रेमेन इथल्या गोदीत १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली होती. ती माणसांच्या लसिकेपासून केलेली होती. पुढे त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. सुईतून, रक्तातून पसरणारी कावीळ वेगळी आहे, हा संशय तिथून सुरू झाला. १९४७ मध्ये मॅकॅलम या संशोधकांनी पाण्यातून येणारीला ‘ए’ आणि रक्तातून येणारीला ‘बी’ म्हटलं. नाव मिळालं, पण तपासणी नव्हती.

ती मिळाली तेव्हा शोधणारा कावीळ शोधतच नव्हता. अमेरिकेत बारुख ब्लमबर्ग हे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तातल्या प्रथिनांचे फरक अभ्यासत होते. आगरच्या पारदर्शक थरात बारीक खळगे पाडायचे. एका खळग्यात वारंवार रक्त घ्यावं लागलेल्या रुग्णाचा रक्तद्रव, भोवतीच्या खळग्यांत जगभरातले नमुने. द्रव थरातून पसरत एकमेकांना भेटतात आणि जिथं जुळतं तिथं बारीक रेघ उमटते. १९६३ मध्ये ब्लमबर्ग आणि हार्वे ऑल्टर यांनी न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तद्रव २४ नमुन्यांसमोर ठेवला. रेघ एकाच ठिकाणी उमटली. तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा होता. त्या माणसाचं नाव तपासणीला मिळालं नाही, देशाचं मिळालं.

हे नवं प्रथिन कशाचं, ते काही वर्षं उमगेना. १९६५ च्या पहिल्या लेखात त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी जोडला होता. मग १९६७ मध्ये ब्लमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतल्या बार्बरा वर्नर यांना बरं वाटेनासं झालं. त्यांनी स्वतःचाच रक्तद्रव तपासला आणि रेघ दिसली. पाठोपाठ त्यांना कावीळ झाली. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. मला या सगळ्या कथेत हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. ते प्रथिन विषाणूच्या अंगावरचंच निघालं. ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

आगरमधली ती रेघ आता प्लास्टिकच्या कार्डावर आली आहे. रक्तद्रवाचे थेंब टाकले की ओल पट्टीवरून सरकत जाते. ‘सी’समोर रेघ आली म्हणजे कार्ड चालू आहे, ‘टी’समोरही आली म्हणजे विषाणूचं प्रथिन रक्तात आहे. पंधरा-वीस मिनिटांचं काम. बहुतेक कार्डांत तो लालसर रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो.

पण या रेघेवर निदान संपत नाही, आणि इथंच आपल्याकडं घोटाळा होतो. कुणी रेघ पाहून हाय खातं, कुणी कागद घडी घालून ठेवून देतं. कार्डावर आलेलं एलायझाने पक्कं करतात. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी सापडलं तर आजार जुनाट धरतात. लागण ताजी आहे का, हे कोअर प्रतिपिंडाच्या ‘आयजीएम’वरून कळतं. यकृताला इजा होते आहे का ते एसजीपीटी सांगतं आणि विषाणू किती आहे ते डीएनएची तपासणी. औषध लगेच लागतं की नुसती देखरेख पुरे, हे या सगळ्यावर ठरतं.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या रिपोर्टवरची ती ओळ वाचा. पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे बाळाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळण्याची सोय बघता येईल. निगेटिव्ह असली तरी बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टोचून घ्या.